बारशाला निघालेला गुंडप्पा

तीर्थरूप दिग्विजय दाजी यांना, परंडा मुक्कामी, धाकटा मेहुणा नंदीश याचा वाकून नमस्कार.

पत्राला उशीर झाला हे पहिल्याच ओळीत कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला खाली शोधत बसायला नको. रोज सकाळी कागद घेऊन बसायचो आणि वर "तीर्थरूप दाजी" एवढं लिहून झालं की कुणीतरी चहाला हाक मारायचं. असे चार-पाच तीर्थरूप दाजी इथं पडलेत (एकावर, ज्यांच्या रानात मी सध्या आहे त्या दगडाबाईंनी शेंगांची टरफलं टाकली, त्याबद्दल क्षमा असावी). फोन का केला न्हाय असं तुम्ही विचाराल. फोनवर ताई मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत न्हाय. पत्रात मधे कुणाला बोलता येत न्हाय, हा पत्राचा लई मोठा गुण आहे. तुमची कंबर आता कशी आहे? पंपाच्या मोटारी स्वतः उचलू नका, दुकानात पोरगा ठेवलाय तो कशाला. तुमच्या आई, म्हणजे आमच्या मावशी, त्यांची शुगर? ताई आणि बाळ? बाळ अजून बिननावाचं आहे आणि त्याला कारण मी आहे, हे मला मान्य आहे. पण सगळं कारण मी न्हाय. अर्धं कारण धूळ आहे.

तुम्ही आमच्या घरात नंतर आलात, म्हणून आधी गुंडप्पाचं सांगतो. आमच्या नळदुर्गला कानडी मुलूख लागून, त्यामुळं बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी जो वरवंटा निजवतात त्याला आम्ही गुंडप्पा म्हणतो. बाकीच्या घरांत चटणी वाटायचा वरवंटाच त्या दिवसापुरता धुऊन, टोपी घालून पाळण्यात जातो आणि दुसऱ्या दिवशी परत चटणीला लागतो. आमचा गुंडप्पा पिढ्यान्‌पिढ्या पेन्शनीत आहे. एकदा पाळण्यात निजलेल्याला पुन्हा वाटणाला लावायचं न्हाय, असा आईचा कायदा. तो देव्हाऱ्याखाली दुपट्यात असतो, आणि नात्यात कुठं लेकरू झालं की तेल, हळद, काजळ लेवून निघतो. आईला तो तिच्या आईकडून आला, तेरखेड्याहून. आजीला तिच्या आईकडून. लेकीला लेकरू झालं की तो लेकीच्या घरी जातो, परत येत न्हाय. म्हणजे आता ताईचा नंबर. बार्शीचा दवाखाना जवळ म्हणून ताई बाळंतपणाला माहेरी आली न्हाय, आईचा गुडघा धरलेला, तेव्हा गुंडप्पा आधी मी पोचवायचा आणि आईनं बारशादिवशी यायचं असं ठरलं. माझं निघणं लांबत गेलं म्हणून ते बारसं एकदा पुढं गेलं, दोनदा गेलं. आता ताईनं आईला फोनवर सांगितलंय की येत्या रविवारी बारसं होणार म्हणजे होणार. गुंडप्पा आला तर ठीक, न्हायतर मिक्सरच्या भांड्याला टोपी घालून पाळण्यात निजवीन. आई म्हणाली, मिक्सर निजणार असंल तर मी येणार न्हाय. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींशी बोलत न्हाईत, दोघी माझ्याशी बोलतात (म्हणून माझा फोन बंद).

शेवटी सोमवारी नळदुर्गहून निघालो तेव्हा माझ्या मनात परंड्याशिवाय काही नव्हतं, हे अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो. आईनं गुंडप्पाला जरीची कुंची घालून, दुपट्यात गुंडाळून, पिशवीतून फक्त तोंड बाहेर राहील असा दिला होता (तोंड म्हणजे दगडाचं एक टोक, त्याला काजळाचे डोळे). बसमध्ये गर्दी, म्हणून मी पिशवी सीटखाली सरकवली आणि पायानं आत ढकलली. पलीकडच्या बाईनं ते बघितलं. तिनं बस डोक्यावर घेतली, कंडक्टरनं घंटी ओढून गाडी थांबवली, मागच्या सीटवरच्या एका पैलवानानं माझी कॉलर धरली. मी दुपटं सोडून आतला दगड दाखवला, पण राग गेला न्हाय, उलट वाढला, कारण पोरगं ढकललं असतं तर घाईत ढकललं म्हणता आलं असतं, मी गुंडप्पाला पाय लावला होता. तुळजापूरपासून धाराशिवपर्यंत तो एका म्हातारीच्या मांडीवर बसून आला आणि मी उभा.

धाराशिवच्या स्टँडवर बार्शीची गाडी लागलेली होती. पायरीवर माझा एक पायही पडला होता. तेवढ्यात फिरोज दिसला. फिरोज म्हणजे आमच्या शाळेतला. मी दहावीला दुसऱ्यांदा बसलो तेव्हा तो तिसऱ्यांदा बसला होता, त्यामुळं आमचा स्नेह जरा जास्त. आता तो विद्यापीठाच्या लोकांकडं भाड्यानं जीप चालवतो. म्हणाला, तेरच्या अलीकडं तेरणेच्या काठावर ज्वारी हुरड्यात आलीय, खाऊन संध्याकाळच्या गाडीनं जा. आता दाजी, परंडा मावळतीला आणि तेर उगवतीला, एवढं भूगोलात कच्चा असूनही मला ठाऊक होतं. पण हुरडा चार दिवसांचा असतो, आणि बाळ काय, पुढंही असणारच होतं.

हुरड्याच्या रानाला लागून पांढरी निघाली. पांढरी म्हणजे एखादं जुनं गाव नांदून उठून गेल्यावर मागं उरतं ते राखट मातीचं टेकाड. आपले लोक ती माती गाड्या भरभरून रानात टाकतात, पीक चांगलं येतं म्हणून. इथं मात्र विद्यापीठाचे लोक तंबू ठोकून, दोऱ्या ताणून, ब्रशनं माती झाडत होते. त्यांचे साहेब अमरनाथ सर. माझ्याहून थोडेच मोठे, उन्हानं नाक सोललेलं, पुण्याला डॉक्टरकी करतात (दवाखान्याची न्हाय, दगडांची). त्यांचा एक माणूस तापानं घरी गेलेला, खापरं धुवायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, एक दिवस धुतो. पहिल्या तासातच मी एक तांब्याचं कडं घासायला घेतलं आणि सर ज्या वेगानं माझ्याकडं धावत आले त्यावरून मला कळलं की इथं खापर सोडून काहीही धुवायचं नसतं.

माझं शिक्षण तुम्हाला माहीतच आहे. पण धूळ हा विषय शाळेत असता तर मी पहिला आलो असतो. त्याच दुपारी एक माणूस मोटारसायकलवर तांब्याची मूर्ती घेऊन आला, हजार वर्षांची म्हणून. हिरवीगार, वर माती. सरांनी भिंग लावलं, ओल्या कापसाचा बोळा फिरवला, बोळा हिरवा निघाला. काखेत, बोटांच्या फटीत, सगळीकडं थर सारखाच, आणि मातीत गोंद. सर त्याला शांतपणे सांगत होते की खरं जुनेपण असं सारखं नसतं. वस्तू जमिनीत एका कुशीवर पडून असते. एका अंगाला चुना जास्त धरतो, एका अंगाला कमी. गवताची मुळं चिकटून मरतात, त्यांच्या रेघा राहतात. आणि फटीतली धूळ ती वस्तू जिथं पडून होती तिथल्या मातीची असावी लागते. या सगळ्या थराला ते पॅटिना म्हणतात. मी साय म्हणतो. दुधावर ती आपली आपण धरते, वरून चिकटवता येत न्हाय (ही उपमा सरांना आवडली असावी, कारण ती ऐकून त्यांनी भिंग पुसायला घेतलं). मूर्तीवाला म्हणाला, आमच्या आज्यानं पुरली होती. सर म्हणाले, आज्यानं गोंद लावून पुरली का. तो माणूस जाताना माझ्याकडं बघून हसला, आपला माणूस असल्यासारखा. ते हसणं मला पुढं महागात पडलं.

हुरड्यापायी मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी गुंडप्पाला पिशवीतून सहज, ऊन दाखवायला म्हणून बाहेर काढला होता (सहज, एवढंच सध्या ध्यानात ठेवा). अमरनाथ सर भाकरीचा तुकडा हातात धरून आले आणि तो तोंडात न घालता तसेच उभे राहिले. मग विचारलं, हा कुणाचा. मी म्हणालो, भाचीचा. त्यांनी हातमोजे घातले (भाकरी खाली ठेवून), गुंडप्पा उचलला, फिरवला, दोन्ही टोकांच्या कंगोऱ्यांवरून बोट नेलं. दोन हजार वर्षांपूर्वी इथं चार पायांचे दगडी पाटे असत, त्यांच्याबरोबरचे वरवंटे असे असतात, म्हणाले. पण घडण कुणीही उतरवून काढतो, म्हणून धूळ बघायची. भिंग आलं, लॅपटॉपला जोडायची, बारीक कण मोठे करून दाखवणारी दुर्बीण आली, आणि एक पिस्तुलासारखं यंत्र आलं. ते दगडाला टेकवून घोडा दाबला की दगडावर काय काय आहे ते पडद्यावर दिसतं. मी मनातून फुगलो होतो. आमच्या घराण्यात आजवर कशाचीच तपासणी झालेली न्हाय.

पडद्यावर बेरियम आलं. स्ट्रॉन्शियम आलं. गंधक आणि ॲल्युमिनियम आलं. सरांचा चेहरा बघता बघता मूर्तीवाल्याच्या वेळी झाला होता तसा झाला. ही असली रसायनं जुन्या दगडावर कशाला असतील, ती जुनं करून विकणाऱ्याच्या डब्यात असतात, असं ते फिरोजला म्हणाले, आणि तो मूर्तीवाला मला बघून का हसला तेही त्यालाच विचारलं. मला म्हणालेच न्हाईत, हे जास्त लागलं. वर काळा थर होता, त्यालाही ते धुरकटवलेला म्हणाले. दाजी, लोकांनी मला उनाड म्हटलंय, खादाड म्हटलंय, तुम्ही स्वतः एकदा बिनपत्त्याचं पाकीट म्हणाला होता. हे आरोप मी घरचे समजतो. पण गुंडप्पा बनावट म्हटल्यावर आई, आजी, तिची आई, सगळ्या एका ओळीत खोट्या ठरत होत्या. आणि गुंडप्पा आता सरांच्या ताब्यात. खोटा ठरला असता तर माझ्यासकट चौकशीला गेला असता, खरा ठरला असता तर सरकारजमा झाला असता. कसाही ठरला तरी रविवारी पाळण्यात मिक्सरच.

मग सरांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हा दगड कुठं कुठं होता? सुरुवातीपासून सांग. काही गाळू नको."

दाजी, हे वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं. एरवी सगळे मुद्द्याचं सांग म्हणतात. मी सुरुवात केली ती ऊन उतरलं तरी चालूच होतो. ताईच्या बारशापासून मागं गेलो, माझ्या बारशाला आत्याचा पाय पाळण्याच्या दोरीत अडकला ते सांगितलं, मावसभावाची मुंज, त्याचं लग्न, त्याची उधळलेली घोडी (त्यात गुंडप्पा नव्हता, पण काही गाळू नको म्हणाले होते). मग तेरखेड्याला आलो. आजीच्या घरी मागच्या पडवीत भुईनळे भरायचं काम चालायचं. आईकडं यायच्या आधी गुंडप्पा त्याच पडवीत फळीवर असायचा. हिरव्या उजेडाची पूड, लाल उजेडाची पूड, चंदेरी पूड. मामाच्या भुवया दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत चंदेरी असायच्या आणि आम्ही पोरं त्याला म्हातारा म्हणून चिडवायचो. इथं सर एकदम उठले. हिरव्याला बेरियम लागतं, लालला स्ट्रॉन्शियम, आणि चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम. त्यांनी दुर्बीण परत लावली आणि मला बघू दिलं. एका कोपऱ्यात थर तुटला होता, तिथं पापुद्रे दिसत होते. सगळ्यात खाली चुना, त्यात मुळांच्या रेघा, आणि राखट धूळ, तेरणेकाठच्या पांढरीत असते तशी. त्यावर तेरखेड्याची चमकी. त्यावर काळं.

आईच्या आजीचं माहेर कुठलं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक न्हाय. आई म्हणते, नदीकडची होती म्हणं. त्या बाईचं नाव गेलं, गाव गेलं, पण नदीकडची धूळ राहिली. सर म्हणाले, हीच पांढरी असं काही सांगता येणार नाही, नदीला अशी टेकाडं पुष्कळ आहेत. मला तेवढं पुरे होतं.

पण काळा थर अडला होता. तो काजळाचा की कुणी मुद्दाम दिलेल्या धुराचा, याचा पुरावा पाहिजे. सरांनी गुंडप्पाला कापसात घालून डब्यात ठेवला आणि कुणी हात लावायचा न्हाय असा हुकूम काढून धाराशिवला गेले. ज्यांच्या रानात हे टेकाड आहे त्या दगडाबाई सकाळी दूध घेऊन आल्या. त्यांना दोरीवर वाळत घातलेली कुंची दिसली. फिरोजच्या पोटात काही राहत न्हाय, त्यानं सगळं सांगितलं. दगडाबाई डब्याकडं गेल्या, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "आवं, बारशाला निघालेलं लेकरू बिनआंघुळीचं डब्यात घालून ठिवतेत व्हय?"

सर दुपारी परत आले तेव्हा गुंडप्पाचं तेल लावून, ऊन पाण्यानं न्हाऊन, ओव्याची धुरी घेऊन, एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं ताजं काजळ लेवून झालं होतं आणि तो दगडाबाईंच्या मांडीवर उन्हाला पडला होता. सर मातीतच बसले. त्यांनी टोपी चेहऱ्यावर धरली. मग त्यांनी फक्त एवढं विचारलं की मागची बाजूपण धुतली का, चुन्याची. दगडाबाई म्हणाल्या, न्हाय बा, पाठीवर लेकराच्या खपल्या हायत्या, त्या वल्या करूने, आपोआप पडत्यात. सरांनी त्यांना तिथंच वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, असू द्या.

आणि दाजी, त्या आंघोळीनंच काम झालं. ताजं तेल-काजळ आणि धुरीची राख दुर्बिणीखाली जशी दिसली, तशीच ती खालच्या प्रत्येक काळ्या पापुद्र्यात होती. काजळ, वर हळद, वर राख, परत काजळ. एकेक पापुद्रा म्हणजे एकेक बारसं. वरून खाली बघत गेलो तेव्हा त्यातला एक मी असणार, हे ध्यानात आल्यावर मी पडद्यापासून जरा मागं सरकलो. सरांनी लॅपटॉप मिटला. "बनावट करणारा इतका घोळ कधीच घालणार नाही," ते म्हणाले. "दगड जुना आहे. आणि तुमच्याच घरचा आहे."

त्यांनी पुण्याच्या त्यांच्या मॅडमना फोन लावला. मॅडम बुधवारी येऊन बघणार. पिढ्यांपासून घरात वापरात आहे, तेव्हा फोटो काढून, नोंद करून परत घरीच दिला जाईल असं त्यांना वाटतं, पण त्यांनी बघेपर्यंत तो या तंबूबाहेर जायचा न्हाय. बुधवार म्हणजे रविवारच्या पलीकडं. मी सरांपुढं हात जोडले. मिक्सरचं सांगितलं, आईचं सांगितलं, ताईचा स्वभाव सांगितला (थोडक्यात, ताई). सरांनी डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"दगड हलवता येणार नाही," ते म्हणाले. "बाळ हलवता येईल का?"

इथं माझा मजकूर संपला. मी खाऊन-पिऊन बरा आहे, हुरड्यानं अंगही धरलंय. मोठ्यांना नमस्कार, लहानाला अजून नाव नसल्यामुळं नुसताच एक पापा.

तुमचा आज्ञाधारक,
नंदीश

ता. क. वरचं सगळं ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. रविवारी बारसं इथं पांढरीवर करावं. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण तुमच्या घराचा उंबरा ओलांडत न्हाय आणि हा नियम मावशींचा आहे, हे मला ठाऊक आहे. ताई कशीही येईल, ती माझा कान धरायला तरी येईल. मावशींना तयार करायचं काम तुमचं. मोटार उचलताना कंबर जपता तसं जपून विचारा. दगडाबाईंनी गावात सांगून टाकलंय, पाळणाही आणलाय, आईला आणायला फिरोजची जीप ठरलीय. तेव्हा न्हाय म्हणून चालणार न्हाय. शिवाय नाव ठेवायला बाळाची आत्या पाहिजे, तुमच्या बहिणीला बरोबर घेणे.

ता. क. दुसरा. गुंडप्पाला मी ऊन दाखवायला काढला न्हवता. हुरड्याबरोबर ठेचा पाहिजे होता आणि तंबूत दुसरा दगड न्हवता. सर भाकरी घेऊन आले ते ठेच्यासाठीच. दुर्बिणीखाली सगळ्यात वर एक हिरवट थर निघाला, त्यात मिरचीचं बी. सरांनी विचारलं, हे कुठल्या बारशाचं. मी म्हणालो, आमच्याकडं एखाद्याचं असं करतात. हे फक्त तुम्हाला सांगतोय. पत्र वाचून झालं की चुलीत घाला. दगडाबाईंनी तेवढं टोक दोनदा धुतलंय.

ता. क. तिसरा. सरांनी मला हंगामभर ठेवून घेतलंय. काम धूळ झाडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून वस्तूंच्या गोष्टी ऐकून घ्यायच्या, काही न गाळता. आईला नोकरी लागली असं सांगा, कशाची ते सांगू नका.

ता. क. चौथा, पाकीट परत फोडून. पत्र पाकिटात घालून फिरोजच्या हातात देणार, तोच रस्त्यावर एक टेम्पो थांबला. दाजी, पुढं ड्रायव्हरशेजारून मावशी उतरल्या. मागून बाळाला पोटाशी धरून ताई. तुम्ही दुकानात असताना निघाल्या म्हणं. फिरोजनं सकाळी ताईला फोन केलेला, आणि सव्वा महिन्याचा विचार मावशींनी स्वतःच केला, की दोन हजार वर्षांचं म्हातारं पाळण्याची वाट बघत बसलंय तर आपण कशाला अडून बसायचं. ताईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. बाळ तिनं दगडाबाईंकडं दिलं आणि सरळ जाऊन डब्यातून गुंडप्पा उचलला. अमरनाथ सर हातमोज्यांचं सांगायला उठले होते, ते तसेच परत बसले. ताई आता त्याला कडेवर घेऊन उन्हात फेऱ्या मारतेय, आणि मिरचीचा वास तिला अजून आलेला न्हाय. म्हणजे हे पत्र तुम्ही घरात एकटेच वाचत असणार. मावशी विचारताहेत, कुलपाची किल्ली शेजारच्यांकडं ठेवलीय ती सापडली ना, आणि निघताना दूध झाकून या.